हळदीकुंकवाच्या अकरा चकत्या

सुहास मगदुमांनी माळ्यावरून जुनं मशीन खाली काढलं, तेव्हा स्वयंपाकघरात उलथनं तव्यावर दोनदा वाजलं. दोनदा म्हणजे ‘काय चाललंय?’ एकदा म्हणजे ‘जेवायला या’, आणि तीनदा वाजलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. गेल्या तीन वर्षांत मगदुमांच्या घरात एवढीच भाषा उरली होती आणि सुहासराव ती मुकाट शिकले होते.

“काही नाही गं, जुनं मशीन बघायलोय,” ते म्हणाले.

माला, त्यांची बायको, दारात आली. मांडीवर घेतलेलं ते काळं खोकं, नवऱ्याच्या केसांत अडकलेली जळमटं आणि शेजारी पसरलेल्या वायरी तिने सावकाश पाहून घेतल्या. मग कपाळाशी बोट नेऊन गोल फिरवलं आणि आत गेली. याचा अर्थ शिकायची गरज नव्हती.

तीन वर्षांपूर्वी मालाच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. बाई वाचली, आवाज गेला. दवाखान्याने एक बोलणारं यंत्र दिलं होतं. त्यावर अक्षरं लिहिली की ते मोठ्याने वाचून दाखवायचं, पण सगळ्या पेशंटांना आवाज एकच. मालाने ते दोन दिवस वापरलं आणि पाटीवर लिहून कळवलं, ‘एसटी स्टँडवरची बाई घरात शिरल्यासारखी वाटते.’ मग यंत्र कपाटात गेलं आणि उलथनं हातात आलं.

ही गोष्ट दुसऱ्या एखाद्या बाईची असती तर एवढं मनाला लागलं नसतं. पण माला म्हणजे बोलण्याचा अखंड झरा. मुलगी बघायला गेलेल्या सुहासला तिने कांदेपोह्यांची बशी देता देता सात प्रश्न विचारले होते, आणि त्यातल्या चारांची उत्तरं त्याला आजही देता आली नसती. अशी बाई गप्प झाली की घरातला पंखासुद्धा फार मोठ्याने फिरतो.

त्यात सुहासरावांच्या मनात एक काटा होता. ऑपरेशनच्या सकाळी, स्ट्रेचर यायच्या आधी, माला त्यांच्याकडे वळून “अहो...” म्हणाली होती. आणि यांनी चटकन तिच्या ओठांवर बोट ठेवलं. “बोलू नको. घशाला ताण येईल.” जो घसा दोन तासांनी कापायचा होता, त्याला ताण येऊ नये म्हणून! माणूस प्रेमात किती मूर्ख होऊ शकतो याचा हा नमुना त्यांनी पुढे हजारदा मनात उगाळला. तिला काय बोलायचं होतं, हे त्यांनी नंतर पाटी पुढे करून विचारलं. तिने लिहिलं, ‘विसरले.’ माला आयुष्यात कधी काही विसरली नव्हती.

तेव्हा तिला पुन्हा तिच्या आवाजात बोलतं करायचं, एवढीच एक गोष्ट आता सुहासरावांना हवी होती. आणि त्यासाठी ते मशीन माळ्यावरून खाली आलं होतं.

वाट दाखवली होती मुलीने. केतकी पुण्यात वाचा-उपचाराचं काम करायची. मागच्या महिन्यात घरी आली तेव्हा तिने आईबापांना समोर बसवून ‘कंठी’ समजावली होती.

“आईचा आवाज गेलाय, बोलणं नाही गेलेलं,” ती म्हणाली. “मेंदू अजून हुकूम सोडतो. मानेतले, जिभेखालचे स्नायू अजून हलतात. फक्त वाजणारं वाद्य जाग्यावर नाही. कंठी म्हणजे गळ्यात बांधायची पट्टी. ती त्या हालचाली वाचते आणि वाद्याच्या जागी स्वतः वाजते. लिहायचं नाही, दाबायचं नाही. नेहमीसारखं बोलायचं.”

“आणि आवाज कुणाचा?” सुहासरावांनी विचारलं.

“तिथंच घोडं अडलंय पप्पा.”

आवाजाच्या चोऱ्यांनी मधली काही वर्षं देशाला नुसतं हैराण केलं होतं. मुलाच्या आवाजात बापाला फोन, साहेबाच्या आवाजात बँकेला हुकूम. शेवटी कायदा झाला की अंदाजाने बनवलेला आवाज कुणाच्याही गळ्यात बांधायचा नाही. कंठी हवी तर त्या माणसाचं स्वतःचं, अस्सल, चाळीस मिनिटांचं बोलणं आणा. आणि अस्सल कशावरून? तर त्या बोलण्याच्या प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यातल्या, तंतोतंत सारख्या निघाल्या पाहिजेत. एकट्या घरातली एकटी प्रत चालणार नाही.

मालाचं बोलणं शोधायला घर पालथं घातलं. फोन तिच्या हातात असला की ती नुसते फोटोच काढायची; चित्रफिती निघाल्या त्या दुसऱ्यांनी काढलेल्या, आणि त्यांत ती कुठेतरी कडेला. आठ मिनिटं निघाली. त्यात पाच मिनिटं लग्नातला बँड आणि उरलेल्या तिनांत शेवटच्या वर्षांतला बसलेला आवाज. केतकी हात झाडून पुण्याला परत गेली. आणि पंधरा दिवसांनी दाढी करता करता सुहासरावांना आठवलं की आपल्या बायकोने एके काळी सबंध इचलकरंजीला क्रिकेटची कॉमेंट्री ऐकवली होती.

दोन हजार चार सालची गोष्ट. सुहासरावांचं तेव्हा यंत्रमागाच्या एका शेडमागे गेम पार्लर होतं. चार टीव्ही, सीडीच्या चकत्यांवर चालणारी चार गेम मशीनं (माळ्यावरचं त्यांतलंच एक), बारा खुर्च्या. सगळ्यांत जास्त मागणी क्रिकेटच्या गेमला. पण त्यातली कॉमेंट्री इंग्रजी. दोन गोरे गृहस्थ चहा पीत बोलावं तसे बोलायचे. सुहासला ते ऐकवेना. त्याने एका मित्राच्या कॉम्प्युटरवर खटपट करून गेममधल्या आवाजाच्या फायली उघडल्या, आणि नव्या नवरीला गोधडीखाली बसवून नऊशे वाक्यं मराठीत बोलायला लावली. शेजारचे माग सुट्टीला बंद असले की रेकॉर्डिंग. मालाला लिहून दिलेलं बोलायचा कंटाळा. ती आपल्याच मनाचं बोलायची.

‘गेला, गेला, गेला... आणि थेट पंचगंगेत! आता बॉल आणायला तुझा मामा जाणार काय?’

‘आउट. जा घरला. आई वाट बघायल्या.’

आठवड्याभरात पार्लरसमोर रांग लागली. पोरं हरली तरी खूश असायची, कारण हरल्यावरच्या शिव्या जास्त गोड होत्या. ही बाई कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. आकाशवाणीची असणार असा साधारण समज होता. ती बाई पलीकडच्या खोलीत भाकरी थापत असायची.

चकती खराब झाली की सुहास दुसरी लिहायचा. नेहमीचं कुणी गाव सोडून निघालं, कुणी नोकरीला, कुणी कॉलेजला, तर त्याला एक चकती भेट. म्हणजे प्रती होत्या, आणि त्या गावोगाव विखुरल्या होत्या. स्वतःकडे एक. ती पिशवीत गुंडाळलेली सापडली. फोनवर हे ऐकून केतकी म्हणाली, “पप्पा, हात लावू नका. मी येते.”

येताना ती जुने दोन चकतीवाचक घेऊन आली. आता कुठल्याच कॉम्प्युटरला चकती घालायचं तोंड नसतं, म्हणून कुठूनतरी संग्रहातून उसने आणलेले. दोघांनीही मालाची चकती तोंडात घेतली आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून बाहेर काढली.

“चाळीस वर्षांत वरचा रंग फिका झालाय,” केतकी म्हणाली. “यांच्या किरणाला खुणा दिसत नाहीत.”

“त्यांना नाही दिसायच्या. माझ्या मशीनला दिसतील,” सुहासराव म्हणाले. त्यांनी तेव्हा बारीक स्क्रू फिरवून फिरवून त्या मशीनचा किरण आपल्याच हाताने लिहिलेल्या चकत्यांना जुळवला होता. स्पिरिटचा बोळा भिंगावरून फिरवून त्यांनी चकती घातली, आणि मशीन उचलून सरळ उलटं ठेवलं. पाय वर, पाठ खाली.

केतकी बघत राहिली. “पप्पा, हे काय?”

“भिंग ज्या रुळावर सरकतं तो झिजलाय. भिंग खाली लोंबतं. उलटं केलं की आपल्या वजनानं जाग्यावर येतं,” ते म्हणाले. “पार्लरला सगळी मशीनं अशीच चालायची. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं.”

मशीनला एक नेटवर्कची तार जोडली, ती तार घरातल्या इंटरनेटच्या डबीला, आणि डबी जगाला. केतकीने ज्याच्या भरवशावर हे मांडलं होतं त्या व्यवस्थेचं नाव ‘जुळणी’. कल्पना अगदी साधी होती. जुन्या चकत्या सगळीकडे मरायला लागल्या आहेत, पण प्रत्येक चकती वेगळ्या जागी मरते. तेव्हा जगभरातली जुनी मशीनं एकमेकांना जोडायची. माझ्या चकतीचा जो तुकडा वाचता येत नाही तो तुझ्या मशीनने पाठवायचा, तुझा गेलेला मी. आरतीत एकाला कडवं आठवलं नाही तर शेजारचा म्हणतो आणि आरती थांबत नाही, तसं. अशा रीतीने कित्येक हजार गेम लोकांनी जसेच्या तसे वाचवले होते.

मशीन घरघरलं. टीव्हीवर आकडा चढू लागला. एक टक्का, तीन, आठ. मध्ये अडायचं, भिंग मागेपुढे जायचं, पुन्हा चालू. माला येता-जाता आकड्याकडे न बघितल्यासारखं करून बघत होती. दुपारी चारच्या सुमाराला शंभर टक्के झाले, आणि खाली हिरवी अक्षरं आली: प्रत पूर्ण, निर्दोष.

 सुहासरावांनी वाचवलेला गेम चालू केला. मैदान आलं, फलंदाज आला, पहिलाच चेंडू सीमेपार गेला. आणि एक गोरे गृहस्थ चहा पीत असल्यासारखे इंग्रजीत म्हणाले की हा फटका खरोखर उत्तम होता.

त्यांनी आणखी सहा चेंडू खेळून पाहिले. प्रत्येक चेंडूला ते गृहस्थच.

चूक कळायला केतकीला पाच मिनिटं लागली. तिने चकती लावताना गेमचं नाव दिलं होतं. जुळणीने जगभरातून त्या गेमच्या चार हजार चकत्या मिळवल्या. चार हजार चकत्या एक सांगतायत आणि इचलकरंजीची एक चकती भलतंच सांगते, म्हणजे चकती बिघडली आहे. मग जुळणीने मालाचं एक-एक वाक्य बिघाड समजून पुसलं, आणि त्या जागी गोऱ्या गृहस्थांना आणून बसवलं. अगदी प्रेमाने, निर्दोषपणे.

“चकतीवरचं नाही गेलं ना?” सुहासरावांनी विचारलं. 

“नाही, चकती तशीच आहे. पुसलंय ते प्रतीतलं. आपण परत वाचू, जुळणीला न विचारता. पण पप्पा, मशीनचा किरण...”

तो किरण संपत आला होता. दिव्याची वात संपावी तसा रोज थोडा. सुहासरावांना ते मशीनच्या आवाजावरूनच कळत होतं. त्यांच्या अंदाजाने फार तर अजून दोन पूर्ण वाचनं निघाली असती, तिसरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक वाचन केलं. या वेळी कुणाची मदत नाही, जे दिसेल ते तसंच घ्यायचं. मालाचा आवाज आला, पण जागोजागी फाटलेला. आलेख काढल्यावर दिसलं की चकतीच्या एका ठिकाणी चांगलं वाटाण्याएवढं भोक आहे. भिंगाच्या बाजूने बघितलं तर काहीच नाही. सुहासरावांनी चकती पालथी केली. नावाच्या बाजूला, कडेजवळ, एक तांबूस-पिवळा डाग होता.

दसऱ्याला आपापल्या हत्यारांची पूजा होते. विणकर मागाला हळदकुंकू वाहतो, ड्रायव्हर गाडीला. मालाने मशीनला आणि चकत्यांना वाहिलं होतं, दर वर्षी, ओलं करून, अनामिकेने. एवढंच नाही. कुणाला भेट म्हणून चकती जायची तिलाही ती कुंकू लावूनच द्यायची. घरातली वस्तू कोरडी पाठवायची नाही म्हणून. आणि लिहिलेल्या चकतीचा जीव असतो तो नावाच्याच बाजूला, नुसत्या एका पातळ लेपाखाली. ओल्या कुंकवाने तो लेप खाल्ला आणि चाळीस वर्षांत आत भोक पाडलं.

मालाने चकती हातात घेतली. डाग पाहिला. मग आपल्या अनामिकेकडे पाहत राहिली. तिने पाटी ओढली. ‘माझ्याच हातानं.’

“तू लावलंस ते बरोबरच लावलंस,” सुहासराव म्हणाले. “चकती बनवणाऱ्याला दसरा ठाऊक नव्हता, ही त्याची चूक.”

माला हसली. आवाज न येता हसणं त्यांनी तीन वर्षं बघितलं होतं, तरी अजून सवय झाली नव्हती.

केतकी मात्र आलेखावर ओणवी झाली होती. “आई, तू कुंकू लावताना चकती कशी धरायचीस? एका ठरावीक बाजूनं?”

मालाने हात उडवले. गोल वस्तूला कसली बाजू?

“मग बरं झालं. प्रत्येक चकतीवर डाग वेगळ्या जागी असणार. म्हणजे प्रत्येकीतून वेगळे तुकडे गेलेत. पुरेशा चकत्या मिळाल्या तर प्रत्येक तुकडा तिघीचौघींकडे तरी शाबूत असेल.” तिने जुळणीत नवा विभाग उघडला. आता गेमचं नाव दिलं नाही. नाव दिलं, ‘माला मगदूम, इचलकरंजी.’ त्या नावाखाली जगात सध्या एकच चकती होती.

आता राहिलं माणसं शोधणं. सुहासरावांनी पहिला फोन दस्तगीर बागवानला लावला. पार्लरच्या काळात दस्तगीर सकाळी उघडायच्या आधी पायरीवर बसलेला असायचा. आता मिरजेत त्याचा फळांचा मोठा धंदा, दोन नातवंडं, साखरेचा त्रास.

“दस्तगीर, तुला दिलेली क्रिकेटची चकती आहे काय रं अजून?”

“असणारच की सुहासदादा. कुराणशरीफच्या कपाटात वरच्या फळीला हाय. का?”

“त्यातला आवाज... ती तुझी वहिनी होती.”

 दस्तगीर म्हणाला, “म्हंजे ‘आई वाट बघायल्या, जा घरला’ असं मला जी बाई रोज म्हणायची ती भिंतीपलीकडं व्हती? आणि मी खरंच घरला जायचो.”

वहिनीचा आवाज गेल्याचं आणि चकत्या कशाला हव्यात ते कळल्यावर दस्तगीरने शोधमोहीम स्वतःच्या हातात घेतली. जुन्या पोरांचे गट, गटांतून गट, मेहुण्याचा शेजारी, शेजाऱ्याचा साडू. पंधरा दिवसांत मिरज, हुबळी, सुरत, मस्कत, आणि कुठून कुठून मिळून दहा चकत्या निघाल्या. काहींकडे मशीन नव्हतं, ते त्यांनी भंगारातून, भाच्याच्या माळ्यावरून, हौशी संग्राहकांच्या हातापाया पडून मिळवलं. हुबळीची रोहिणी चौगुले, जी तेव्हा भावाबरोबर येऊन भावाला हरवायची, ती आता शाळेची मुख्याध्यापिका होती. तिने प्रयोगशाळेत मशीन मांडलं आणि दोन तास कुणाला आत येऊ दिलं नाही.

एका रविवारी सकाळी सगळे एकदम जोडले गेले. टीव्हीवर दहा घरं दिसत होती आणि सुहासराव दहा घरांना एकदम शिकवत होते.

“बोळा कोरडा नको, ओला नको. दमट. रोहिणी, भिंग दाबू नको, ते डोळ्यासारखं असतं. स्क्रू आता पाव आटा डावीकडं. मस्कतवाले, पाव म्हणालो मी. हां. आता उलटं करा.”

दहा घरांत दहा पन्नाशीतल्या माणसांनी दहा मशीनं पाठीवर उताणी घातली. अकरावं इचलकरंजीत होतं. साक्षीसाठी आधीचं वाचन चालणार नव्हतं, सगळ्या चकत्या एकाच वेळी वाचाव्या लागणार होत्या. आकडे चढू लागले. एकीकडचा गेलेला तुकडा दुसरीकडून येत होता, तिसरा हो म्हणत होता, आणि तिघांचं जमलं की केतकीच्या पडद्यावर एक बारीक हिरवा चौकोन उमटत होता. वीस मिनिटांचं बोलणं जमलं, सव्वीस, एकतीस. छत्तिसाला येऊन सगळं थांबलं. उरलेल्या तुकड्यांना दोनच साक्षी होत्या. तिसरी साक्ष फक्त सुहासरावांच्या चकतीत होती आणि त्यांच्या मशीनचा किरण आता अडखळत होता.

“थांबवू का?” केतकीने विचारलं.

सुहासरावांनी मशीनवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग थोडं तिरकं केलं. आणखी तिरकं. घरघर बदलली. सदतीस. एकोणचाळीस. सुरतेहून कुणीतरी ‘चल माझ्या राजा’ म्हणालं. एक्केचाळीस झाले, खट् असा आवाज आला आणि मशीन थांबलं ते कायमचं.

मग केतकीने जमलेला आवाज लावला. ‘गेला, गेला, गेला...’ दहा घरांत हशा पिकला. दस्तगीरने चष्मा काढून डोळे पुसले. माला भिंतीला टेकून उभी राहून ऐकत होती. चाळीस वर्षांत ही कॉमेंट्री तिने पहिल्यांदाच नीट ऐकली. बाकीचे खेळायचे तेव्हा तिच्या हातात पीठ असायचं. तिने पाटीवर लिहिलं, ‘कोण ही पोरगी? लईच बोलत्या.’

कंठी यायला आणखी दोन महिने गेले. कागद, तपासण्या, मानेची मापं. शेवटी एका शनिवारी दुपारी केतकी ती घेऊन आली. मऊ, करड्या रंगाची, दोन बोटं रुंद पट्टी. दस्तगीर आणि मंडळींना सुहासरावांनी शब्द दिला होता की पहिलं वाक्य त्यांना ऐकवीन. म्हणून तेही सगळे पडद्यावर येऊन बसले होते. मालाने ती गर्दी पाहिली, उठली, आणि पडद्याचा आवाज आणि चित्र दोन्ही बंद केलं. त्यांना फक्त ‘जरा थांबा’ एवढीच पाटी दिसत राहिली.

मग तिने पट्टी बांधून घेतली. ओठ हलवले. आवाज आला.

“अहो.”

सुहासराव खुर्चीत बसले ते बसलेच. तोच आवाज. पोह्यांची बशी घेऊन आलेला. ती पुढे काहीतरी बोलली, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“काय म्हणाले मी?” मालाने विचारलं.

त्यांना सांगता येईना.

“बघा. त्या पोरीचा आवाज ऐकायलाय तुम्ही. माझं बोलणं न्हाई.” आणि खरंच, साधं बोललं तरी प्रत्येक वाक्य शेवटाला उसळी घेत होतं. कंठी जे ऐकून शिकली होती ते सगळं चौकार-षटकारांचंच होतं. चौसष्ट वर्षांची बाई, केसांची चांदी झालेली, आणि गळ्यातून चोवीस वर्षांची पोरगी सामना गाजवत होती. माला केतकीकडे वळली. “हिला म्हातारी करता येत्या का?”

“येते,” केतकी म्हणाली. “वय वाढलं की गळ्याचे पडदे किती ताठ होतात, श्वास किती कमी पुरतो, याचा हिशेब असतो. तुझ्या अस्सल आवाजावर तुला हवा तो बदल करायला कायद्याची ना नाही. पण चोवीसच्या पुढचं सगळं गणितानं काढलेलं असेल.”

“अगं, म्हणजे अंदाजच की,” सुहासराव म्हणाले. “अंदाज नको म्हणून तर अकरा चकत्या गोळा केल्या. खरा मिळालाय तो राहू दे की.” आणि मग, खरं ते बोलूनच टाकावं म्हणून, “मला हा हवाय माला. हा मी चाळीस वर्षांनी ऐकतोय.”

“ऐका की. चकतीवर हाय, कुठं पळून जात न्हाई.” ती त्यांच्या समोर येऊन बसली. “ती पोरगी कॉमेंट्री करून गेली. तुमच्या घरात मी ऱ्हाते.”

 केतकीने हातातल्या छोट्या पडद्यावर वयाची सरकपट्टी उघडली, आणि मालाने तो पडदा नवऱ्याच्या हातात दिला. नको वाटत होतं, तरी सुहासरावांनी बोट टेकवलं आणि सरकवायला सुरुवात केली. माला बोलत राहिली. काय वाट्टेल ते, घरातल्या वस्तूंची नावं, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी.

सत्ताविसाला आवाज जरा खाली बसला. केतकी झाली तेव्हा ती अशी बोलायची, अंगाई म्हणता म्हणता पेंगत. पस्तीस. चव्वेचाळीस, पार्लरला कुलूप लागलं तेव्हा ‘बरं झालं, आता तुम्ही दिवसाउजेडी दिसाल’ म्हणाली होती, ती ही. पन्नाशीनंतर थोडी घोगरी किनार आली. सुहासरावांना वाटलं होतं मधली वर्षं आपण विसरलो. एकही विसरले नव्हते. अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट.

मालाने त्यांचं मनगट धरलं. “इथं थांबा.”

एकसष्टचा आवाज त्यांनी शेवटचा ऐकला होता तो दवाखान्यात, स्ट्रेचर यायच्या आधी. केतकी उठून खिडकीशी गेली.

“अहो,” माला म्हणाली. मग थोडं थांबली. त्यांनी या वेळी तिच्या ओठांकडे बोट नेलं नाही.

“भ्या वाटायलंय मला. हात धरा.”

सुहासरावांनी हात धरला. दोन्ही हातांनी धरला.  मग मालानेच दुसऱ्या हाताने ती वयाची सरकपट्टी आणखी तीन घरं पुढे सरकवली. चौसष्ट. हा आवाज आजवर कुणीच ऐकलेला नव्हता. सुहासरावांना तो लगेच ओळखू आला.

“आता न्हाई वाटत,” ती म्हणाली.

“ती माणसं कधीची थांबल्यात तुझ्यासाठी,” सुहासराव कसंबसं म्हणाले.

“थांबू देत की,” माला म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.